कोशासाठी जंगलातला ऐन की धुऱ्यावरचा अर्जुन?

टसर म्हणजे झाडांवर वाढणाऱ्या जंगली किड्यांचं रेशीम. त्या किड्यांसाठी ओक लावायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो आधीच सोडा. मणिपूरकडे ओकवर टसर होतो खरा, पण तो किडाच वेगळा, थंड डोंगराळ हवेतला. गडचिरोली-भंडाऱ्याच्या आपल्या किड्याला मुख्यतः ऐन आणि अर्जुन ही झाडं मानवतात. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो: जंगलात उभ्या असलेल्या ऐनावर किडे सोडायचे, की आपल्या जागेत अर्जुन लावायचा? मी दोन्ही करून पाहिलंय.

ऐनाची बाजू कमजोर नाही. लागवडीचा खर्च नाही, मुरमाड जमिनीत तो तग धरून राहतो, आणि माझ्या हाताला तरी ऐनावरचा कोसा, म्हणजे किड्याचा रेशमी कोश, जरा जड लागतो. परवानगीचे सोपस्कार असतात, ते होऊन जातात.

खरा त्रास किड्यानं चौथ्यांदा कात टाकल्यानंतर. किड्याचं बहुतेक सगळं खाणं याच दिवसांतलं, बघता बघता फांदी उघडी पडते. मग किडे दुसऱ्या झाडावर हलवायचे. हा किडा मागच्या पायांनी डहाळीला असा आवळून बसतो की ओढला तर जखमी होतो, आणि जखमी किडा सहसा कोसा करत नाही. म्हणून डहाळी कापूनच न्यायची आणि नव्या झाडाला बांधायची. हे सगळं उंचावर, ओल्या खोडाला एका हातानं धरून. तेवढ्यात पलीकडच्या शेंड्यावर कावळे उतरलेले असतात, आणि गांधीलमाशा तर खालून दिसतच नाहीत. माझे सर्वांत जास्त किडे याच दिवसांत गेले.

अर्जुन छाटून छातीइतका ठेवता येतो. झुडूप लहान, त्यामुळे पाला लवकर संपतो आणि हलवाहलव उलट जास्तच होते. पण ती जमिनीवर उभं राहून, घरातल्या कुणालाही जमेल अशी. खोडावर चढणाऱ्या मुंग्या वेळीच दिसतात, लहान किड्यांवर जाळीही टाकता येते.

मात्र अर्जुनाला ओल हवी: बोडीची (लहान तळ्याची) पाळ, नाल्याचा काठ, बांधीचा धुरा (भातखाचराचा बांध). शिवाय किडे सोडण्याजोगा व्हायला तीन-चार वर्षं जातात. जागा कोरडी मुरमाडच असेल तर ऐनाचीच रोपं लावून छाटत वाढवलेली बरी, फक्त आणखी थांबावं लागेल. नाल्याकाठी अर्धा एकर जरी पडीक असेल, तर मी येत्या पावसाळ्यात तिथे अर्जुन लावेन आणि तो हाताशी येईपर्यंत ऐनावर पीक घेत राहीन.