शिवलेली नऊवारी: काठ-पदर नंतर बघा, आधी आसन बघा

ही साडी मी दिराच्या लग्नासाठी घेतली. श्रावण लागेपर्यंत कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. मग धाकट्या जावेच्या पहिल्या मंगळागौरीला फुगडी घालताना आसनाची, म्हणजे दोन्ही पायांच्या मधली, शिवण उसवली, दुकानदाराने त्यावर जे उत्तर दिलं ते ऐकून माझं डोकं फिरलं, आणि म्हणून हे एवढं लांबलचक लिहिते आहे. फोटोपुरती नऊवारी हवी असेल त्यांनी वाचलं नाही तरी चालेल. तेवढ्यासाठी भाड्याची आणा, स्वस्त पडते.

साडी वांगी रंगाची, मोरपंखी काठ, पदरावर मोर. ‘सेमी पैठणी’ म्हणून जी सगळीकडे मिळते तीच. साडी ३,८०० आणि शिलाई १,६००. येवल्याच्या हातमागावरची पैठणी एवढ्यात येत नसते, त्यामुळे त्या बाबतीत तक्रार नाही. हातमागाच्या पैठणीची उलटी बाजूही सुलटीसारखीच स्वच्छ असते, हिच्या उलट्या बाजूला बुट्ट्यांचे सुटे धागे लोंबतात. सहावारी नेसताना आत परकर असतो, म्हणून ते कळत नाही. शिवलेल्या नऊवारीत मात्र सलवारीसारखा पाय घालावा लागतो, आणि पायात जोडवी असतात. पहिल्यांदा घालतानाच मोराच्या मानेचा एक धागा जोडव्यात अडकून हातभर बाहेर आला. उपाय सोपा आहे: पायात मोजे घालायचे, साडीत पाय सरकवायचा, मग मोजे काढायचे. हास्यास्पद दिसतं, पण दार लावून करायचं काम आहे. शिवतानाच गुडघ्यापर्यंत अस्तर लावून घेतलं तर मोज्यांचीही गरज नाही.

लग्नात हिने कमाल केली, हे कबूल केलंच पाहिजे. बाकीच्या बायका आजेसासूबाईंसमोर रांग लावून उभ्या होत्या. त्या एकेकीला नेसवत होत्या, मध्येच कोणाचा तरी कासोटा आखूड होऊन सगळं पुन्हा सोडावं लागत होतं. मी पाच मिनिटांत तयार. पदराला दोन पिना मारल्या की झालं. वर उजव्या बाजूला मोबाइलचा खिसा! पूर्वीच्या बायका कनवटीला नोट खोचत, आपल्याला हॉलच्या खोलीची किल्ली, फोन, आहेराची पाकिटं असं सगळं सांभाळायचं असतं. फोन ठेवला की साडी त्या बाजूला किंचित कलते, हे नंतर फोटोत दिसलं. कमरेच्या इलॅस्टिकमुळे तसं होतं. आता आत नाडी घातली आहे. आजींनी साडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “नाडी लागते म्हणजे परकरच की हा.” त्यांनी जन्मभर नऊवारी नेसली आहे, त्यांना बोलायचा हक्क आहे.

बाथरूमचा विषय कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. नऊवारी शिवलेली असली की पूर्ण खाली करावी लागते. मंगल कार्यालयाच्या बाथरूममध्ये जमीन ओली, दाराला आतून खुंटी नाही, हातात हिरवा चुडा किंवा पाटल्या, खांद्यावर पिना मारलेला पदर. पदर गळ्याभोवती गुंडाळायचा, पायांचे घोळ कोपरात धरायचे. बाहेर एखादी विश्वासाची भाची उभी करा. आमच्याकडच्या लग्नात निम्म्या बायका या भीतीने पाणीच प्यायल्या नव्हत्या, आणि संध्याकाळी सगळ्यांची डोकी दुखत होती.

पुढचा वापर गुढीपाडव्याला. डोंबिवलीत १९९९ पासून पाडव्याची शोभायात्रा निघते. सुरुवातीच्या वर्षांत नऊवारीतल्या बायका म्हणजे नेसलेल्याच, आता फडके रोडवर शिवलेल्याच जास्त दिसतात, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही. सकाळच्या उन्हात चालायचं, लेझीम खेळायचं, त्यात कासोटा सुटायची धास्ती कोणाला हवी? चालायला ही साडी उत्तम. फक्त उंची. शिवलेलीची उंची एकदाच ठरते. माप देताना मी अनवाणी उभी होते, दुकानातल्या मुलीनेच चपला काढायला लावल्या. त्यामुळे लग्नात गादीवर बरोबर बसलेली साडी कोल्हापुरी घातल्यावर जमिनीपासून वर राहिली. सपाट कोल्हापुरीला अर्धा इंच लागतो, टाचेची घेतली तर आणखी. तुम्ही जे घालणार ते पायात घालूनच माप द्या, मुलगी काहीही म्हणो. बुलेटवर बसून फेटा-गॉगल लावणाऱ्यांसाठी एक सूचना: मागे कासोट्याचा जो जाड पट्टा असतो त्यावर बसायला लागतं, आणि तो टोचतो. माझी मैत्रीण अर्ध्या वाटेत उतरून चालायला लागली.

दागिन्यांबद्दल थोडक्यात, कारण साडीपेक्षा त्यांच्यावरच जास्त पैसे जातात आणि अक्कल कमी वापरली जाते. दुकानदार सेट गळ्यात मारतात: ठुशी, तन्मणी, मोहनमाळ, लक्ष्मीहार, बोरमाळ, सगळं एकदम. एवढं घातलं की काहीच दिसत नाही, आणि लांब माळा पदराच्या पिनेत अडकतात. नऊवारीवर गळ्याशी ठुशी, खाली एकच लांब माळ, कानात कुड्या, हातात तोडे, बास. ठुशीच घ्या. मागचा रेशमी दोरा सरकवून गळ्याच्या मापाने घट्टसैल करता येते, त्यामुळे घरातल्या चौघी वापरू शकतात. चिंचपेटीही सुंदर दिसते. एक ग्रॅमवाल्या, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या, वस्तूंवर अत्तर किंवा स्प्रे मारू नका. स्प्रे आधी, तो वाळला की दागिने. घरी आल्यावर कोरड्या कापडाने घाम पुसून, कापसात गुंडाळून बंद पिशवीत. एवढं केल्यामुळे माझे तोडे अजून पिवळे आहेत. जावेचे पाडव्यापर्यंतच काळे पडले.

नथ मात्र दाबाची घेत असाल तर दुकानात नाकात घालून दहा मिनिटं उभ्या राहा. लगेच कळत नाही. सुरुवातीला छान वाटते, अर्ध्या तासाने डोळ्यातून पाणी येतं आणि सगळ्यांना वाटतं मुलगी सासरी चालली म्हणून काकू रडताहेत. मोत्यांचा आकार जेवढा मोठा तेवढा दाब जास्त लागतो. लहान घ्या.

आता मंगळागौर. पूजेला पाटावर मांडी घालून बसले तेव्हाच मांड्यांच्या मध्ये ओढ जाणवली. मग खेळ सुरू झाले. झिम्मा झाला, पिंगा झाला, काही नाही. फुगडीत पाय रोवून मागे रेललं, गुडघे थोडे वाकले आणि टर्रर्र. ढोलकीच्या आवाजात बाकीच्यांना ऐकू गेलं नाही, समोरचीला गेलं. ती इतकी हसली की फुगडी तिथेच सुटली. रात्रभराचे खेळ मी ओढणी कमरेला बांधून बसून पाहिले. गाठोड्याचा खेळ करायची माझी फार हौस होती, ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी साडी उलटी करून पाहिली. शिलाईचा दोरा तुटलाच नव्हता. शिवण शाबूत होती, तिच्या लगतचे कापडाचेच धागे सरकून बाहेर आले होते. हे कृत्रिम रेशीम गुळगुळीत असतं. कापलेल्या कडेला ओव्हरलॉक (धागे सुटू नयेत म्हणून घालतात ती कडेची शिलाई) नसेल आणि आत भरपूर माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, सोडलेली नसेल, तर ताण आल्यावर धागे निसटतात. माझ्या साडीत माया जेमतेम पाव इंच होती, ओव्हरलॉक नव्हतं. काठाची आणि पदराची शिवण मात्र इतकी सुबक की बघत राहावं. जे दिसतं तिथे जीव ओतला आहे.

पण माया हा अर्धाच दोष. मुख्य भानगड आसनाच्या मापाची आहे. नेसलेल्या नऊवारीत कमरेला एक गाठ असते, बाकी सगळं कापड नुसतं खोचलेलं. मांडी घातली की निऱ्यांतलं कापड थोडं खाली सरकतं, उठल्यावर ओचा पुन्हा हाताने वर घ्यायचा, आजी दिवसभर नकळत हेच करत असतात. शिवलेलीत निऱ्याही पट्ट्याला शिवलेल्या आणि कासोटाही पट्ट्याला शिवलेला. मग बसताना जे जास्तीचं कापड लागतं ते येणार कुठून? सगळा ताण जातो दोन्ही पायांच्या मध्ये, चार शिवणी जिथे मिळतात त्या एका बिंदूवर. म्हणून आसनाचं माप उभ्याने घेऊन उपयोग नाही. खुर्चीवर किंवा खाली बसवून, पुढच्या पट्ट्यापासून मागच्या पट्ट्यापर्यंत मधून टेप फिरवायला हवा. माझं माप घेताना कंबर, सीट आणि उंची एवढंच लिहिलं होतं. पावती अजून आहे माझ्याकडे.

ती पावती घेऊनच दुकानात गेले. मालक नम्रपणे म्हणाले, “मॅडम, ही फोटोची साडी असते. खेळायला कॉटनची वेगळी येते.” मी विचारलं, मग पंगतीत बसायला कुठली येते, तीही दाखवा. त्यांच्या मागच्या भिंतीवर शिवलेल्या नऊवारीची जाहिरात होती, आणि त्या फोटोत चार बायका चक्क फुगडी घालत होत्या! बोट दाखवलं. ते म्हणाले, “ते मॉडेल आहेत.” आता यावर माणसाने काय बोलावं? दुरुस्ती फुकट फक्त पहिल्या महिन्यात, आता ४०० रुपये आणि गौरी-गणपतीची गर्दी असल्याने दहा दिवस, वर ‘पुन्हा उसवल्यास जबाबदारी नाही’ असं पावतीवर लिहून देणार. १,६०० शिलाई घेतलेल्या माणसाने उसवलेली शिवण आधी हसत शिवून द्यावी, असं माझं मत आहे. साडी उचलून परत आले.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर काकू ब्लाऊज शिवतात. त्यांनी साडी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “ब्लाऊजपीस आहे का शिल्लक?” होता. मी या साडीवर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा ब्लाऊज घालते, त्यामुळे साडीतला तुकडा जसाच्या तसा कपाटात पडून होता. काकूंनी त्यातून शंकरपाळ्याच्या आकाराचा तळहाताएवढा तुकडा कापला आणि चार शिवणी मिळायच्या तिथे तो मध्ये बसवला. आता ताण एका बिंदूवर न येता चारही कडांना वाटला जातो. आतून सुती कापडाचा दुसरा थर, सगळीकडे ओव्हरलॉक, कासोट्याच्या आत दडपलेलं कापड मोकळं करून दोन इंच सैल केलं. मला घरातच पाटावर बसवलं, उकिडवं बसवलं, मग सोडलं. २५० रुपये. आणि बाहेरून तो तुकडा दिसत नाही, कारण रंग अर्थातच तोच.

यावरून माझं आधीचं एक मत बदललं. लग्नाच्या वेळी मी जिला तिला सांगत होते की दुकानातच शिवून घ्या, एकाच ठिकाणी काम होतं. आता सांगते, साडी तिथून घ्या आणि शिलाई ओळखीच्या बाईकडे. साडी न कापता, नुसत्या निऱ्या आणि कासोटा शिवून देणारेही आहेत. घरातली जुनी, आजीची वगैरे खरी रेशमी साडी असेल तर तशीच शिवा, म्हणजे टाके उसवले की साडी पुन्हा अखंड. अशी साडी कात्रीखाली घालायला मी तरी देणार नाही. बसण्या-उठण्याच्या दृष्टीने न कापलेली थोडी जाड होते, घोळ जास्त राहतो, पण उसवली तर टाका उसवतो, कापड नाही. सेमी असेल तर बिनधास्त कापा, फक्त माया एक इंच सोडायला सांगा आणि समोर उभं राहून बघा.

गौरी जेवणाच्या दिवशी ती पुन्हा घातली. दिवसभर वाढायला वाकले, खाली मांडी घालून जेवले, आरतीला उभी राहिले, रात्री हट्टाने एक फुगडी घातली. तसूभर हलली नाही. खिशातला फोनही जागेवर. वाईट एवढंच की धुलाईनंतर काठाची जर थोडी चुरगळल्यासारखी दिसते. उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री केली की बसते. घरी धुऊ नका, वांगी रंग जातो. काखेकडच्या घामाचे डाग ड्रायक्लीनवाल्यालाही पूर्ण गेले नाहीत, तेव्हा ब्लाऊजला घामाच्या पट्ट्या लावा.

तारे: साडीला साडेतीन, दुकानाच्या शिलाईला एक, तोही काठासाठी. धाकटी जाऊ त्याच दुकानातून हिरवी घेणार म्हणते आहे. रंग खरंच छान आहेत त्यांच्याकडे. न शिवता आण आणि ब्लाऊजपीस कोणाला देऊन टाकू नकोस, एवढं तिला सांगितलंय. काकूंनी दसऱ्यानंतरचं नवीन काम घेणं आत्ताच बंद केलंय, पण त्याआधीच तिचा नंबर मी लावून ठेवलाय.