पचनसंस्थेच्या कर्करोगातील टिश्यू मार्कर तपासणी: अहवालातून हाती काय लागते?

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीवर किंवा बायोप्सीच्या तुकड्यावर मार्करची (कर्करोगाविषयी काही सांगणाऱ्या प्रथिनांची किंवा जनुकीय बदलांची) तपासणी करून देणारी पॅकेजे आता अनेक प्रयोगशाळा देतात. रुग्णाचे आयुष्य किती उरले आहे हे कळेल, अशा अपेक्षेने ती घेणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव अधिक. उपचार कोणता निवडावा, हा प्रश्न घेऊन येणाऱ्याला मात्र त्यांतल्या मोजक्या चाचण्या भरपूर काही देतात. (सीईएसारखे रक्तातील मार्कर वेगळे, त्यांच्याशी यांची गल्लत करू नये.)

सर्वांत उपयोगी चाचणी, माझ्या मते, एमएमआरची, म्हणजे मिसमॅच रिपेअर या डीएनए-दुरुस्ती यंत्रणेची. गाठीच्या पेशींत एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चार प्रथिने आहेत की नाहीत, एवढेच तीत इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने (प्रथिनांना रंग चढवून पाहण्याच्या पद्धतीने) पाहिले जाते. डीएनएची नक्कल होताना घडणाऱ्या चुका दुरुस्त करणारी ही यंत्रणा मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत निकामी झालेली आढळते. दुसऱ्या स्टेजला तसे आढळल्यास रोग उलटण्याची शक्यता कमी मानली जाते आणि केवळ फ्लुओरोयुरॅसिलच्या केमोथेरपीने विशेष लाभ होत नाही. चौथ्या स्टेजला त्याच निष्कर्षामुळे इम्युनोथेरपीचा (रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा) पर्याय खुला होतो. शिवाय लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा सुगावा लागला, तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी वेळीच करता येते.

आतड्याचा कर्करोग पसरलेला असताना बीआरएएफ जनुकातील व्ही६००ई हा बदल सापडणे हे वाईट लक्षण आहे, याबद्दल फारसा वाद नाही. जठराच्या कर्करोगातील हर२ या प्रथिनाची गोष्ट निराळी: त्यावरून आयुर्मानाचा अंदाज बांधण्याबाबत अभ्यासांत एकमत नाही, पण औषध ठरवायला तो लागतोच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोगा या औषध-चाचणीत हर२ पॉझिटिव्ह रुग्णांना केमोथेरपीबरोबर ट्रास्टुझुमॅब हे हर२विरोधी औषध दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. नातेवाईक हा आकडा मुदत समजून बसतात आणि तसे नसते हे कोणी त्यांना समजावूनही सांगत नाही.

केवळ भाकितासाठीच तपासणी करायची असेल, तर इम्युनोस्कोअरचा आधार त्यातल्या त्यात भक्कम आहे. गाठीच्या मध्यभागी आणि कडेला सीडी३ व सीडी८ या रोगप्रतिकारक पेशी किती दाट आहेत हे तो मोजतो, आणि पहिल्या ते तिसऱ्या स्टेजच्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय पडताळणीत तो टिकला. तरीही तो रुग्णाला उलटण्याच्या जोखमीच्या गटात बसवतो, तारीख सांगत नाही. पी५३ आणि केआय-६७ (किती पेशी विभाजित होत आहेत याचे माप) हे मार्कर केवळ यादी लांबवतात. संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींत मात्र केआय-६७शिवाय ग्रेड (आक्रमकतेची पातळी) ठरतच नाही, कारण ३ आणि २० टक्क्यांच्या सीमारेषा त्यावरच आखलेल्या आहेत.

अहवालाचा दर्जा प्रयोगशाळेइतकाच नमुन्यावर अवलंबून असतो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये फार कमी किंवा फार जास्त वेळ राहिला तर रंग फसवतो, आणि जठरात हर२ सगळीकडे सारखा नसल्याने एकाच तुकड्यावरचा निगेटिव्ह निष्कर्ष पुरेसा नसतो. एमएमआरचे प्रथिन नाही असे लिहिलेले असेल, तर त्याच काचपट्टीवरील निरोगी पेशींना रंग चढला होता का, एवढे पॅथॉलॉजिस्टला अवश्य विचारावे. तो चढला नसेल तर चाचणी पुन्हा करावी लागते.