लॉन खरवडून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध, आमच्या हिरवळीचं काय झालं ते वाचा

लॉनचं स्कॅरिफाइंग करून देतो म्हणून कोणी दारात आलं तर आधी हे वाचा आणि मगच त्याला आत घ्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गवताच्या बुडाशी मेलेल्या काड्या आणि जुन्या मुळांचा जो तपकिरी थर साचतो, ज्याला थॅच म्हणतात, तो उभ्या पात्यांच्या मशीनने नाहीतर दाताळ्याने खरवडून काढायचा, एवढंच ते काम. काम खरंच उपयोगाचं आहे, त्यात खोट नाही. थर जाड झाला की पाणी वरच्यावर अडतं, खत मातीपर्यंत पोचत नाही आणि मुळं खाली जायची सोडून त्या थरातच फिरत बसतात.

गोम अशी की हे काम अगदी नीट केलं तरी नंतर लॉन भयंकर दिसतं. तपकिरी, विस्कटलेलं, मधे मधे माती उघडी पडलेली. म्हणजे चांगलं काम आणि सत्यानाश, दोन्ही पहिले काही आठवडे सेम दिसतात आणि फसवणाऱ्याला लपायला एवढी जागा बास होते.

आमच्याकडे आलेला माणूस बोलायला एकदम गोड. चाकूने लॉनचा तुकडा कापला, तपकिरी थर दाखवला आणि म्हणे "काका, ही बुरशी आहे, आत्ता नाही काढली तर सगळं लॉन जाणार". बुरशी बिरशी काही नव्हती हो. न खरवडलेला एक कोपरा राहिलाय, तिथे नंतर तसाच तुकडा कापून पट्टी लावली तर थर जेमतेम अर्धा सेंटीमीटर. साधारण एक-सव्वा सेंटीमीटरपर्यंत थॅचचा त्रास नसतो, उलट थोडा असावाच, ओल टिकते आणि ऊन थेट मुळांवर येत नाही. त्याने तुकडा कापला पण थर मोजला नाही, हे मुद्दाम सांगतोय.

मग डेमो. दाताळं जोर लावून चार वेळा ओढलं, हा एवढा ढीग निघाला, "बघा किती घाण". ही त्यांची सगळ्यात भारी ट्रिक आहे, कारण कुठल्याही ठणठणीत लॉनवर दाताळं दाबून ओढलं तर ढीग निघणारच. तुमच्यासमोर असा ढीग काढला तर त्यात हात घालून बघा, सुक्या तपकिरी काड्या असतील तर ठीक, हिरवी पाती आणि पांढरी मुळंच जास्त असतील तर जिवंत गवत उपटलं जातंय.

आमचं गवत थंड हवेत वाढणारं, गुच्छ करून येणारं. भर उन्हाळ्यात ते वाढ थांबवून कसंबसं जीव धरून असतं आणि हा पठ्ठ्या नेमका तेव्हाच मशीन घेऊन आला. असं गवत वाढीच्या दिवसांत, म्हणजे उन्हाळा ओसरल्यावर नाहीतर वसंतात खरवडायचं असतं, आणि हरळीसारखं उष्ण हवेतलं गवत उन्हाळ्याच्या सुरुवातीला, ते जोमात असताना. पाती मातीला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लागली पाहिजेत. याने "खोल गेलं की रिझल्ट मस्त येतो" म्हणत चर पाडले, आडवे आणि उभे, दोन्ही. हरळी असती तर धावत्या खोडांवरून पुन्हा पसरली असती, गुच्छाचं गवत एकदा उपटलं की ती जागा रिकामीच राहते, तिथे बी टाकावं लागतं. वर बिलात एरेशन, म्हणजे मातीत हवा-पाणी जावं म्हणून भोकं पाडणं, ते पण लावलं होतं, आणि केलं काय तर खिळ्यांचे बूट घालून एक चक्कर मारली. खिळा माती बाजूला दाबतो, काढत नाही. पोकळ दातांचं एरेशन केलं तर मातीच्या छोट्या वळकट्या लॉनवर पडलेल्या दिसतात, त्या दिसल्या नाहीत तर त्याचे पैसे देऊ नका.

उरलेले पैसे त्याच संध्याकाळी घेतले. नंतर फोन केला की एकच उत्तर, "असंच दिसतं, धीर धरा". हे अर्धं खरं असल्यामुळे भांडताही येत नाही. पुरेसे दिवस गेल्यावर स्वतःच आला, मान हलवली, म्हणाला "रोग फारच पसरला होता", आणि नवीन पॅकेज काढलं, बी, वरून टाकायची माती, आणि दर तीन महिन्यांनी स्कॅरिफाइंगचा वर्षाचा करार!! दर तीन महिन्यांनी खरवडून कुठलं लॉन जगेल सांगा. वर्षातून एकदा पुष्कळ झालं, थर पातळ असेल तर तेही नको. करार नाही म्हटल्यावर फोन उचलणं बंद.

तुमच्याकडे कोणी आला तर तुमचं गवत कुठल्या जातीचं आहे एवढंच आधी विचारा, ज्याला हे सांगता येत नाही त्याला कधी खरवडायचं तेही माहीत नसणार. पट्टी स्वतः लावा. मशीन आधी एका कोपऱ्यात चालवायला लावा आणि चर किती खोल गेलाय ते वाकून बघा. थोडे पैसे नवीन हिरवं फुटेपर्यंत राखून ठेवायचं कागदावर ठरवा, जो खरा काम करणारा आहे तो याला फार कुरकुर करत नाही. आणि बी घ्यायचं झालं तर सीलबंद पिशवीतलं, लेबलावर जात आणि उगवण टक्केवारी छापलेलं घ्या. त्याने नमुना म्हणून उघड्या गोणीतलं मूठभर फेकून दिलं होतं, त्यातून जे उगवलंय त्याची पानं रुंद आहेत आणि ते लॉनचं गवत नक्कीच नाही, सध्या ते उपटायचं काम चालू आहे.