फीड रीडर, न्यूजलेटर की सोशल मीडिया? शिक्षकाने वाचायचं कुठून

दिवसभराचे तास, वह्या तपासणं आणि नोंदी यांतून शिक्षकाच्या हाती मोकळी अशी वीसेक मिनिटं उरतात. तेवढ्यात चार ठिकाणचं वाचून वर्गासाठी काही शोधायचं, तर वाटा मुख्यतः तीन: फीड रीडर, ईमेलने येणारं न्यूजलेटर आणि सोशल मीडिया. मी तिन्ही वापरल्यात, आणि माझा कल फीड रीडरकडे आहे हे आधीच सांगून टाकते.

फीड रीडर म्हणजे आपण निवडलेल्या साइटवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारं ॲप. तो ज्यावर चालतो ते आरएसएसचं तंत्र, म्हणजे साइटने आपल्या नव्या मजकुराची यादी पुरवायची पद्धत, १९९९ चं. साइट निवडायच्या, तिथे नवं काही आलं की ते तारखेच्या क्रमाने आपल्या यादीत येऊन पडतं. यादी संपते, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. जुलै २०१३ मध्ये गूगल रीडर बंद झाला तेव्हा पुष्कळांनी या प्रकाराला रामराम ठोकला. पण फीडली, इनोरीडर अजून आहेत आणि फुकटच्या खात्यात शिक्षकाचं सहज भागतं.

माझ्या यादीत शिक्षणशास्त्राच्या साइट थोड्या, विषयाच्या जास्त. नासाचं ‘ॲस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’ १९९५ पासून रोज एक चित्र देतं, खाली छोटी टीप. मी टीप झाकते, चित्र पडद्यावर लावते आणि विचारते, “काय दिसतंय?” एकदा चंद्राच्या पृष्ठभागाचा फोटो होता. निम्मा वर्ग म्हणे खड्डे, निम्मा म्हणे टेकड्या. चित्र उलटं केलं तर काहींचे खड्डे टेकड्या झाले! उजेड कुठल्या बाजूने येतोय हे कळल्याशिवाय निकाल लागेना. प्रकाश आणि सावलीचा तास तिथेच सुरू झाला, मला फळ्यावर शीर्षकसुद्धा लिहावं लागलं नाही.

त्रासही आहे. यादी लावण्यात एक संध्याकाळ जाते. अधाशासारखे स्रोत भरले की न वाचलेल्यांचा आकडा हजारावर जातो आणि ॲप उघडायचीच धास्ती वाटते. अशा वेळी ‘सगळं वाचलं’ हे बटण बिनदिक्कत दाबावं. मी पंधरा स्रोतांच्या पुढे जात नाही.

न्यूजलेटरमध्ये निवडीचं काम दुसरा करतो. आठवड्यातून एकदा पाच-सहा दुवे, प्रत्येकाखाली दोन ओळी. ज्यांना यादी सांभाळायचा कंटाळा आहे त्यांना हे बरं. फक्त ते परिपत्रकांच्या ढिगात गाडलं जातं, म्हणून ईमेलमध्ये वेगळा फोल्डर हवाच.

सोशल मीडियाला मी नावं ठेवते, पण एका कामात त्याला तोड नाही. रीडरला प्रश्न विचारता येत नाही. “अपूर्णांकांची बेरीज करताना मुलं छेदही मिळवतात, तुम्ही काय करता?” असं शिक्षकांच्या गटात विचारलं की संध्याकाळपर्यंत वर्गात करून पाहिलेले उपाय येतात. बाकी समोर काय यायचं ते अल्गोरिदम ठरवतो, आणि त्याला तुमच्या उद्याच्या तासाशी देणंघेणं नाही. शिवाय चकचकीत खोटं तिथे सुसाट फिरतं. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, दुसऱ्याला शिकवलेलं ९०, असा तो पिरॅमिड तुम्हीही पाहिला असेल. मी तो छापून स्टाफरूममध्ये लावला होता. त्या गोल-गोल आकड्यांमागे संशोधनच नाही हे कळल्यावर गुपचूप काढून टाकला.

तेव्हा विषयाचं ताजं खाद्य हवं असेल तर रीडर घ्या. वाचायची सवयच मोडली असेल तर एका न्यूजलेटरपासून सुरुवात करा, दोन नकोत. शाळेत तुमचा विषय शिकवणारे तुम्ही एकटेच असाल तर सोशल मीडियावरचा एखादा गट सोडू नका, पण तिथे प्रश्न घेऊनच जा.

लेख ‘सेव्ह’ केला की वाचल्यासारखं वाटतं, ही खोड तिन्हीकडे लागते. मी एक वही ठेवलीय. तीत लेखाच्या नावापुढे इयत्ता आणि धडा लिहायचा. जिथे तो लिहिता येत नाही, तो लेख कितीही आवडला तरी सोडून देते.