426 हेमी की 440 सिक्स पॅक: 1970 ची कुडा किंवा चॅलेंजर घेताना

1970 च्या प्लायमथ कुडावर 440 घन इंचांचं सिक्स बॅरल इंजिन घ्यायचं तर 249.55 डॉलर जादा मोजावे लागत, आणि 426 घन इंचांचं हेमी घ्यायचं तर 871.45 डॉलर. गाडीची मूळ किंमतच तीन हजारांच्या थोडी वर होती, तेव्हा 622 डॉलरांचा हा फरक गिऱ्हाइकाला विचार करायला लावणारा होता. त्या वर्षी हेमीच्या 652 हार्डटॉप कुडा निघाल्या आणि सिक्स बॅरलच्या 1,755. हेमीची कन्व्हर्टिबल तर फक्त 14 जणांनी घेतली. आज हाच फरक कित्येक पटींनी फुगून समोर येतो आणि अमेरिकेत गाडी शोधणारा माणूस त्याच वळणावर उभा असतो. प्लायमथमधलं सिक्स बॅरल आणि डॉजमधलं, म्हणजे चॅलेंजरमधलं, सिक्स पॅक हे एकच इंजिन. पुढे सोयीसाठी सिक्स पॅकच म्हणतो.

हा आढावा 1970-71 च्या ई-बॉडी गाड्यांपुरता, म्हणजे एकाच ढाच्यावरच्या कुडा आणि चॅलेंजरपुरता आहे. गाडी गुंतवणूक म्हणून बंद गोदामात ठेवायची असेल तर प्रश्नच नाही, हेमी घ्या. वर्षातून पाच-सहा महिने ती रस्त्यावर काढायची आणि कामही शक्यतो स्वतःच्या गॅरेजमध्ये करायचं, अशांसाठी पुढचं लिहिलं आहे.

1970 चे आकडे सगळ्यांना पाठ असतात: हेमी 425 अश्वशक्ती, सिक्स पॅक 390. टॉर्कच्या ओळीकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. दोन्ही इंजिनांचा टॉर्क 490 फूट-पौंड, पण हेमीला तो 4,000 आरपीएमला मिळतो आणि सिक्स पॅकला 3,200 ला. सिग्नलवरून निघताना, हायवेवर ओव्हरटेक करताना, चढावर, म्हणजे आपण गाडी चालवतो त्यातल्या बहुतेक वेळी इंजिन 3,500 च्या खालीच असतं. तिथे सिक्स पॅकचा पिकअप आधी जाणवतो. 4,500 च्या पुढे हेमी ज्या ताकदीने ओढत राहते तसं 440 ओढत नाही, हेही तितकंच खरं. 2.25 इंचांचे इनटेक व्हॉल्व्ह आणि अर्धगोल चेंबर यांचा फायदा तिथेच दिसतो. 440 चा इनटेक व्हॉल्व्ह 2.08 इंचांचा असल्याने वरच्या आरपीएमला हवा कमी पडू लागते. हेमीचं वजनही बरंच जास्त, आणि ते सगळं पुढच्या चाकांवर येतं. कमी वेगात गाडी वळवताना हातांना ते कळतं.

एवढ्यावर कोणी एका बाजूला झुकेल असं नाही. माझ्या मते निर्णय होतो तो डाव्या टॅपेट कव्हरपाशी.

हेमीचे प्लग हेडच्या मधोमध, टॅपेट कव्हरमधून आत जाणाऱ्या नळ्यांच्या तळाशी बसतात. प्रत्येक नळीची खालची कॉलर प्लगखाली दाबली जाते आणि वरच्या टोकाला कव्हरपाशी रबरी सील असतं. नळीच्या बाहेर सगळीकडे रॉकरचं ऑइल असतं. सील कडक झालं किंवा कॉलरखाली कचरा अडकला की ऑइल नळीत उतरतं, प्लगची टोपी भिजते आणि एक सिलिंडर मिसिंग करू लागतो. गाडी फार पळत नाही आणि उभीच जास्त असते, तेव्हा सील आणखी लवकर सुकतात. सील बदलायचं तर कव्हर काढावं लागतं. उजवं सहज निघतं. डावीकडे पॉवर ब्रेकच्या गाडीत बूस्टर आणि मास्टर सिलिंडर इतके जवळ असतात की बहुतेक वेळा ते हलवल्याशिवाय कव्हर बाहेर येत नाही, आणि मागच्या प्लगपर्यंत हात नेणंही अवघड जातं.

म्हणजे काही डॉलरच्या रबरी सीलसाठी ब्रेकची यंत्रणा उघडायची. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, ब्रेकच्या नळ्या न सोडता मास्टर सिलिंडर ओढून बाजूला धरण्याची. स्टीलची जुनी नळी फ्लेअरपाशी वाकते, बारीक चीर जाते आणि ब्रेक ऑइल लगेच न गळता आठवड्याभराने गळू लागतं. त्यापेक्षा नळ्या रीतसर सोडाव्यात, तोंडं बंद करावीत आणि शेवटी चारही चाकं ब्लीड करावीत. दुसरी चूक ब्रेक ऑइल सांडण्याची. कव्हरचा काळा खरखरीत रंग आणि इंजिनचा नारिंगी रंग दोन्ही ते सोडवतं, म्हणून खाली जाड फडकं हवंच आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवावी.

प्लग बसवतानाही सवयीने चूक होते. नवीन प्लगसोबत येणारं वॉशर हेमीत काढून टाकायचं असतं, कारण नळीची कॉलरच वॉशरचं काम करते. वॉशर तसंच ठेवलं तर नळी नीट दाबली जात नाही आणि ऑइल पुन्हा आत येतं. प्लग काढण्याआधी नळीत हवा मारून घ्यावी, नाहीतर तळाशी साचलेली माती थेट सिलिंडरमध्ये पडते. गॅप 0.035 इंच.

1970-71 च्या हेमीत हायड्रॉलिक लिफ्टर (व्हॉल्व्हची फट ऑइलच्या दाबाने आपोआप जुळवणारे) आले, म्हणून टॅपेट सेटिंगसाठी तरी कव्हर काढावं लागत नाही. 1966 ते 1969 ची हेमी बघत असाल तर तिथे सॉलिड लिफ्टर आहेत. इंजिन थंड असताना फट इनटेकला 0.028 आणि एक्झॉस्टला 0.032 इंच ठेवायची, आणि ती अधूनमधून तपासायची. डावं कव्हर मग वारंवार काढावं लागतं.

सिक्स पॅकमध्ये हा त्रास अजिबात नाही. प्लग हेडच्या बाहेरच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या वर. एक-दोन प्लगना पाना तिरका लावावा लागतो, पण ब्रेकला हात लावावा लागत नाही.

सिक्स पॅकची डोकेदुखी कार्बोरेटरची आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. होली कंपनीचे तीन कार्ब, प्रत्येकी दोन बॅरल. रोजचं सगळं काम मधला कार्ब करतो. चोक, अॅक्सिलरेटर पंप आणि पॉवर व्हॉल्व्ह त्यालाच आहेत. बाहेरचे दोघे फक्त व्हॅक्यूमच्या डायफ्रॅमवर उघडतात. त्यामुळे बिघाड बहुतेक वेळा त्या दोघांत असतो आणि शिव्या मधल्याला बसतात.

शोध घ्यायचा क्रम ठरलेला आहे. दोन्ही बाहेरच्या कार्बच्या व्हॅक्यूम नळ्या काढून तोंडं बंद करावीत आणि गाडी एकट्या मधल्या कार्बवर चालवावी. आयडलिंग स्थिर राहिलं आणि साधा पिकअप स्वच्छ मिळाला, तर मधला ठीक आहे. आयडलिंग तरीही वर-खाली होत असेल, तर बाहेरच्या थ्रॉटल प्लेट पूर्ण बंद होत नसाव्यात आणि तिथून इंजिन हवा खात असावं. पॅडल सोडल्यावर त्या प्लेट बंद करणाऱ्या दोन सळ्या लिंकेजमध्ये असतात. त्यांची लांबी जुळवली की हा दोष बहुतेक वेळा जातो. नाही गेला तर थ्रॉटलच्या शाफ्टमध्ये खेळ आहे का ते बघावं. शाफ्ट झिजला असेल तर बुश बसवण्याला पर्याय नाही.

नंतर डायफ्रॅम. बाहेरच्या कार्बची प्लेट हाताने उघडावी, व्हॅक्यूमचं तोंड बोटाने बंद करावं आणि प्लेट सोडून द्यावी. ती उघडीच राहिली तर डायफ्रॅम शाबूत. लगेच मिटली तर फाटला आहे. एकच फाटला असेल तरी दोन्हीकडचे बदलावेत. दोन्ही स्प्रिंगही सारख्याच हव्यात, कारण एक बाजू आधी उघडली की इंजिनच्या अर्ध्या भागाला जास्त पेट्रोल जातं. हलक्या स्प्रिंग घालून कार्ब लवकर उघडावेत असा मोह होतो. बाहेरच्यांना अॅक्सिलरेटर पंप नाही हे तेव्हा विसरलं जातं: प्लेट अचानक उघडली की हवा आत येते, पेट्रोल मागे राहतं आणि गाडी क्षणभर अडखळते. व्हॅक्यूम काढून तिन्ही कार्ब थेट सळीने उघडायची किट मिळते, तिच्यातही हाच दोष असतो. रस्त्यावरच्या गाडीला ती लावू नये.

आणखी एक. बाहेरचे कार्ब क्वचित उघडत असल्याने त्यांच्यात पेट्रोल शिळं होतं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर आणखी लवकर, मग फ्लोटची सुई चिकटते. दर खेपेला मोकळ्या रस्त्यावर इंजिन नीट गरम झाल्यावर एकदा तरी पॅडल पूर्ण दाबून 2,500 पासून 4,500 पर्यंत न्यावं, म्हणजे कार्ब धुतले जातात. मिशिगन किंवा न्यू जर्सीकडे नोव्हेंबर ते एप्रिल गाडी झाकून ठेवणाऱ्यांनी त्याआधी तिन्ही फ्लोट-बाउल रिकामे करावेत.

हेमीचे दोन कार्टर एएफबी कार्ब याबाबतीत सरस आहेत. पेट्रोलच्या पातळीखाली गॅस्केट नसल्याने ते होलीसारखे पाझरत नाहीत, आणि मीटरिंग रॉड वरचा एक स्क्रू काढून मिनिटाभरात बदलता येतात. चोक मागच्या कार्बला असतो, आणि साध्या चालीत काम तोच करतो. पुढचा उशिरा उघडतो, म्हणून पेट्रोल शिळं होण्याचा त्रास तिथेही आहे. तरी ट्यूनिंगच्या बाबतीत हेमी पुढे, हे मान्य केलं पाहिजे. माझा कल सिक्स पॅककडे राहतो, कारण कार्बोरेटरचं काम टेबलावर बसून करता येतं. ब्रेक बूस्टरचं काम डॅशबोर्डखाली उताणं पडून करावं लागतं.

खालच्या भागात दोघांनाही नावं ठेवायला जागा नाही. हेमीच्या मधल्या तीन मेन कॅपना बाजूनेही बोल्ट असतात. तिच्या क्रँकच्या फ्लँजला आठ बोल्ट आणि 440 ला सहा, म्हणून एकाचं फ्लायव्हील दुसऱ्याला बसत नाही. पार्टही हेमीचे महाग, आणि इंजिन पूर्ण उघडायची वेळ आली तर खर्चाचा अंदाज काढतानाच बरेच जण विचार बदलतात.

सिक्स पॅकच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. 1970-71 मध्ये त्याला जाड, वजनदार कनेक्टिंग रॉड आले आणि त्यांच्यासाठी इंजिनचं बॅलन्सिंग बाहेरून करण्यात आलं. क्रँकच्या पुढच्या टोकाचा डँपर आणि मागचं फ्लायव्हील किंवा टॉर्क कन्व्हर्टर खास वजनाचे असतात. कोणी गिअरबॉक्स दुरुस्त करताना साध्या 440 चं कन्व्हर्टर बसवलं, तर इंजिन ठरावीक आरपीएमला थरथरू लागतं आणि मेन बेअरिंग झिजतात. दोष मग प्लगमध्ये, कार्बमध्ये, माउंटिंगमध्ये शोधला जातो.

पेट्रोल दोघांनाही प्रीमियमच लागतं. नॉकिंग आलं तर टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्यावं. कॅम दोघांचाही फ्लॅट टॅपेटचा आहे, म्हणून झिंक भरपूर असलेलंच ऑइल घालावं. आजचं साधं ऑइल कॅमची नाकं खातं.

खरेपणा तपासण्याचा मार्ग दोन्हीकडे सारखाच. व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) पाचवं अक्षर हेमीसाठी आर, सिक्स पॅकसाठी व्ही आणि साध्या चार बॅरलच्या 440 साठी यू. फेंडर टॅगवर, म्हणजे गाडीचे कोड कोरलेल्या बॉनेटखालच्या पट्टीवर, हेमीला ई74, सिक्स पॅकला ई87. यू गाडीवर तीन कार्ब बसवून व्हीच्या भावात विकणारे बरेच आहेत, कारण मॅनिफोल्डपासून एअर क्लीनरपर्यंत सगळं नवीन मिळतं. साध्या गाडीत हेमी बसवलेलीही मिळते, पण तिथे लपवायला जास्त लागतं आणि फसवणुकीची रक्कमही मोठी असते. ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर हेमीचा 2468330 आणि 440 चा 2536430. त्यावरून ब्लॉकची जात कळते. तो त्याच गाडीचा आहे हे मात्र ब्लॉकवर कोरलेले व्हीआयएनचे शेवटचे आकडेच सांगतात. ते आकडे ऑइल पॅनच्या कडेजवळ असतात. गाडी लिफ्टवर घेऊन, मळ पुसून, बॅटरीच्या प्रकाशात वाचावेत आणि रेडिएटर सपोर्टवरच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. तिथला पत्रा ताजा घासलेला किंवा जाड रंगाखाली दिसला तर सौदा थांबवणं बरं.

तरीही कोणी हेमीच घ्यायची म्हणत असेल तर मी अडवणार नाही. बॉनेट उघडल्यावर ती रुंद काळी कव्हर आणि त्यांतून वर येणाऱ्या प्लगच्या वायरी बघितल्या की माणसाचं मन का ओढलं जातं ते समजतं. अशा वेळी पॉवर ब्रेक नसलेली हेमी मिळते का ते आधी बघावं. पाय थोडा जास्त दाबावा लागतो, पण बूस्टर नसल्याने डाव्या कव्हरच्या मागे जागा मिळते. आणि सिक्स पॅक ठरली तर पैसे देण्याआधी डँपर आणि कन्व्हर्टर मूळचेच आहेत का हे विचारावं, आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आरपीएम सावकाश 3,000 पर्यंत नेत फेंडरवर हात ठेवून बघावं.