वाचनवेळ ‘१ मिनिटापेक्षा कमी’ : फुकटची प्लगइन्स वापरून झाल्यावर

दोन हजार शब्दांचा लेख. पाटाकडील आणि शिवाजी तरुण या कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉल संघांतल्या चुरशीवर, जुन्या खेळाडूंच्या घरी जाऊन, त्यांच्या हातचा चहा पिऊन, त्यांच्या शिव्या गाळून लिहिलेला. आणि त्याच्या डोक्यावर बारीक राखाडी अक्षरात पाटी : ‘वाचनवेळ : १ मिनिटापेक्षा कमी’.

ब्लॉग कोल्हापूरच्या पेठांतल्या फुटबॉलवर आहे, वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, बाजारातलं सगळ्यात स्वस्त आहे. बाकी सगळं फुकट, हा नियम पहिल्यापासून. गेल्या काही महिन्यांत भरपूर प्लगइन्स (वर्डप्रेसला वरून जोडायच्या सोयी) आणि विजेट्स (पानावर लावायचे छोटे चौकोन) लावली, काढली, परत लावली. बहुतेक बरी निघाली, एक-दोन तर फारच चांगली. पण खरं सांगायचं तर एवढं लिहायला बसलोय ते त्या एका पाटीमुळं. माझं काम उद्यमनगरात टर्निंगचं. चुकीचं माप दाखवणारा गेज आमच्याकडं टेबलावर राहत नाही, लाल रंग लावून बाजूला काढतात. इथं चुकीचं माप माझ्याच लेखाच्या कपाळावर, आणि ते जगाला दिसतंय.

त्या प्लगइनचं नाव घेत नाही. दिसायला देखणं, रंग बदलता येतो, घड्याळाचं चित्र ठेवता येतं, ‘मिनिटं’ हा शब्द मराठीत टाकता येतो. म्हणजे पाटी मराठीत रंगवायची सोय आहे, मोजायची नाही. आधी वाटलं कॅशेचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या पानाचा, घोळ असेल. मग एक जुना लेख उघडला, त्यात मी एका परदेशी क्लबांच्या यादीतली नावं रोमन लिपीत तशीच ठेवली होती. त्या लेखाला ‘१ मिनिट’. दुप्पट लांबीच्या शेजारच्या लेखाला ‘१ मिनिटापेक्षा कमी’. तिथंच शंका आली.

भाच्याला बोलावलं. तो पुण्यात वेबसाइटच्याच कामाला आहे, सुट्टीला आला होता. त्यानं प्लगइनची फाइल उघडली, दोन मिनिटं खाली-वर केलं आणि हसायला लागला.

“मामा, हे शब्द मोजायला पीएचपीतलं, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्यातलं, तयार फंक्शन वापरतंय ओ. त्याला फक्त रोमन अक्षरं कळतात. तुमचा लेख त्याच्या दृष्टीनं कोराच आहे.”

म्हणजे दोन हजार शब्दांतले त्यानं मोजले किती, तर मी मध्येच कुठंतरी रोमन लिपीत लिहिलेले दोन-चार. बाकी पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल सगळे शून्य. गंमत अशी की वर्डप्रेसचा स्वतःचा एडिटर लिहिताना जो शब्दांचा आकडा दाखवतो, तो बरोबर असतो. तो मधल्या मोकळ्या जागा बघून शब्द मोजतो, लिपी विचारत नाही. घरचा हिशेब बरोबर आणि बाहेरून आणलेला मुनीम आंधळा!

प्लगइनच्या कर्त्याला इंग्रजीत ईमेल केली. उत्तर आलं, सौजन्यानं आलं, तीन आठवड्यांनी आलं. प्रो आवृत्तीत शब्दांऐवजी अक्षरं मोजायची सोय आहे, वर्षाला ३९ डॉलर. ३९ डॉलर! तेवढ्यात माझ्या होस्टिंगचं वर्षाचं बिल भरून वर डोमेनचे पैसे निघतात. एक भागाकार करायला वर्षाला एवढे?

भाच्यानं ‘कोड स्निपेट्स’ नावाचं फुकटचं प्लगइन टाकलं आणि त्यात आठ-दहा ओळी लिहिल्या. मोकळ्या जागांवरून शब्द तोडायचे, मोजायचे, वेगानं भागायचे, आकडा छापायचा. मूळ प्लगइनच्या फाइलीतच दुरुस्ती का केली नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाला पुढचं अपडेट आलं की फाइल बदलते आणि दुरुस्ती वाहून जाते. स्निपेट, म्हणजे हा कोडचा तुकडा, वेगळा राहतो. हे मला पटलं.

भागायला वेग किती धरायचा यावर मात्र आमचं जुंपलं. असली प्लगइन्स मिनिटाला दोनशे ते तीनशे शब्द धरून चालतात, पण तो हिशेब इंग्रजीचा. आपल्याकडं ‘स्टेडियमबाहेरच्यांनीसुद्धा’ हा एकच शब्द मोजला जातो, त्यात इंग्रजीचे चार-पाच बसतात. भाचा दोनशेवर अडून होता. मी वडिलांना घड्याळ लावून एक पान वाचायला दिलं आणि १५० वर आणलं. आता त्या लेखावर ‘१३ मिनिटं’ दिसतं आणि मला झोप लागते.

इथं एक मत बदललं ते सांगून टाकतो. पाटी बरोबर झाली म्हणून तालमीच्या ग्रुपवर लेख परत टाकला, तर पहिली प्रतिक्रिया : “तेरा मिनिटं? भावा, तेवढ्यात हाफ टाइम हुतोय.” म्हणजे खोटी पाटी होती तेव्हा लोक निदान ‘एका मिनिटाचं काम’ म्हणून उघडत होते. वाचनवेळ हे विजेट मुळात लागतं का, असा प्रश्न मला आता पडतो. तरी काढलेलं नाही. माप बरोबर आहे, राहू दे.

ग्रुपचा विषय निघाला म्हणून दुसरा ताप. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस लेखाचा पत्ताही मराठीतच करतं. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्के, ई, शून्य, परत टक्के, अशी आगगाडी. “ह्ये व्हायरस हाय काय रं?” असं मला दोघांनी विचारलंय, आणि एकानं न विचारता लिंक डिलीट केली. कारण साधं आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, संगणकाला तीन बाइटचं पडतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. एका चिन्हाला नऊ. नुसतं ‘कोल्हापूर’ लिहिलं तर ८१ अक्षरं! वर्डप्रेस पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागाला २०० अक्षरांची मर्यादा ठेवतं, म्हणजे मराठीची बावीसेक चिन्हं झाली की कात्री. ‘पाटाकडीलचा शिवाजी तरुण…’ इथंच पत्ता संपतो. यावर लिप्यंतर करणारी फुकटची प्लगइन्स आहेत. पण त्यापेक्षा प्रसिद्ध करायच्या आधी उजवीकडच्या पट्टीत पत्ता हातानं रोमन लिपीत टाकावा, दोन-तीन शब्दांत. दहा सेकंदांच्या कामाला प्लगइन कशाला? प्रसिद्ध झाल्यावर मात्र शक्यतो बदलू नका, आधी वाटलेल्या लिंका तुटायची भीती असते.

आता साइट पडली त्याबद्दल. सामना सुटला की शाहू स्टेडियममधून बाहेर पडणारा प्रत्येक जण मोबाइल काढतो. हंगामातल्या एका मोठ्या सामन्यानंतर सगळे एकदम ब्लॉगवर आले आणि पांढऱ्या पानावर एकच ओळ उरली, डेटाबेसशी, म्हणजे लेख साठवलेल्या कोठाराशी, संपर्क होत नाही. होस्टिंगवाल्यांच्या चॅटवर गेलो. तिकडून नमस्कार, दिलगिरी, आणि वरचा प्लॅन घ्या. विचारलं, नेमकं काय भरलंय ते सांगा. परत नमस्कार, परत वरचा प्लॅन. तासभर हेच. माझ्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि माणूस बदलला की सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची.

उत्तर फुकटातच मिळालं. ‘क्वेरी मॉनिटर’ हे प्लगइन लावा, पान उघडायला डेटाबेसला किती प्रश्न विचारले जातात, कुठलं प्लगइन विचारतंय आणि कुणाला किती वेळ लागतोय, ते थेट दाखवतं. नुसता आकडा नाही, गुन्हेगाराच्या नावासकट. माझ्याकडं दोघं सापडले. एक ‘हेही वाचा’ दाखवणारं, जे प्रत्येक वेळी पान उघडलं की सगळे लेख चाळून सारखे लेख शोधत बसायचं. दुसरं भेटी मोजणारं विजेट, जे प्रत्येक वाचकामागं डेटाबेसात नोंद लिहायचं. शंभर माणसं एकदम आली की शंभर शोध आणि शंभर नोंदी, स्वस्तातल्या सर्व्हरनं करावं काय? दोन्ही काढली. मोजणीला ‘कोको अ‍ॅनालिटिक्स’ लावलं. ते आधी फाइलीत नोंद करतं आणि थोड्या थोड्या वेळानं एकदम डेटाबेसात टाकतं. आकडेही आपल्याच साइटवर राहतात.

आणि ‘डब्ल्यूपी सुपर कॅशे’. पहिल्या आठवड्यात मी याला नावं ठेवत होतो. हे प्लगइन पानाची तयार एचटीएमएल फाइल करून ठेवतं आणि वाचकाला तीच देतं, डेटाबेसला हातच लावत नाही. पण मी बाजूच्या पट्टीत चालू सामन्याचा स्कोअर टाकायचो, तो जुनाच दिसत राहायचा. इकडं गोल झालाय, ब्लॉगवर अजून शून्य-शून्य, आणि ग्रुपवर माझा उद्धार. मग त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये एक खूण सापडली, लेख प्रसिद्ध किंवा अपडेट झाला की सगळ्या कॅशे फाइली पुसायची. घाई असेल तर वरच्या पट्टीतही पुसायचं बटण येतं. ती खूण केल्यापासून तक्रार नाही. पुढच्या मोठ्या सामन्याला साइट उभी राहिली, प्लॅन तोच, पैसे तेवढेच. आज माझ्या यादीत हे सगळ्यात वर आहे.

बाकीचं भराभर. स्पॅमला ‘अँटिस्पॅम बी’, खातं काढावं लागत नाही, किल्ली लागत नाही, लावलं आणि विसरलो. संपर्काला ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’, पण ते आलेले निरोप साठवत नाही, फक्त ईमेल पाठवतं, आणि स्वस्त होस्टिंगवरून ईमेल कधी पोचते, कधी नाही. त्याच कर्त्याचं ‘फ्लेमिंगो’ सोबत लावलं की निरोप साइटवरही राहतात. बॅकअपला ‘अपड्राफ्टप्लस’, फुकटात गूगल ड्राइव्हवर जातो. पण ड्राइव्हचे फुकटचे १५ जीबी जीमेल आणि फोटोंसोबत वाटून आहेत, म्हणून जुने बॅकअप दोनच ठेवायची सेटिंग करा.

काही प्लगइन्स तर लावायचीच गरज नाही, जुन्या याद्यांत मात्र अजून सुचवतात. साइटमॅप (गूगलसारख्यांना द्यायची पानांची यादी) आणि फोटो उशिरा लोड करणं ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहे. मोबाइलवरचे अवाढव्य फोटो २५६० पिक्सेलवर आणणं त्याच्याही आधी, २०१९ मध्ये ५.३ ला आलं. शेअरची बटणं दुसऱ्याच्या सर्व्हरवरून आणू नयेत, हे ‘अ‍ॅडधिस’ची तयार बटणं लावणाऱ्यांना कळलं असेलच. तिची मालक कंपनी ओरॅकलनं ३१ मे २०२३ ला ती सेवा बंद केली आणि जगभरच्या साइटवरची बटणं एका फटक्यात गेली. गूगलच्या ब्लॉगरवर ‘ईमेलने फॉलो करा’ हे गॅजेट होतं, तेही गूगलच्याच फीडबर्नर सेवेची ईमेल सोय जुलै २०२१ मध्ये थांबली तेव्हा गेलं. व्हॉट्सअ‍ॅपची साधी शेअर लिंक हातानं टाकली तरी चालते.

विजेटच्या शीर्षकांचं एक बघून घ्या. परदेशी थीममध्ये बाजूच्या पट्टीतली शीर्षकं अक्षरं फाकवून लिहायची फॅशन असते. इंग्रजीत ते उठून दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि ‘ताजे निकाल’ हे दात पडल्यासारखं दिसतं. कस्टमाइझमधल्या सीएसएसच्या (दिसण्याचे नियम लिहायच्या) रकान्यात लेटर-स्पेसिंग शून्य करा, एका ओळीचं काम आहे. फाँट ‘मुक्ता’ ठेवलाय, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्यांचा, गूगल फाँट्सवर फुकट. ओळींतलं अंतर थोडं वाढवलं की वरच्या रफारांच्या माना कापल्या जात नाहीत.

फुकटच्या बदल्यात डॅशबोर्डवर, म्हणजे ब्लॉग चालवायच्या आतल्या पानावर, काय सोसावं लागतं तेही लिहितो. पाच स्टार द्या. आठवडा झाला, पाच स्टार द्या. प्रो घ्या. नोव्हेंबरात तर एकेकाची ‘ब्लॅक फ्रायडे’ची काळी पट्टी, दिवाळी आमची आणि सेल त्यांचा. नवीन प्लगइन घेताना मी आता स्टार बघतच नाही, शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघतो.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. ब्लॉगवरच्या शोधात ‘तालीम’ टाकलं की ‘तालीम’ असलेले लेख येतात, पण ‘तालमीत’, ‘तालमीचा’, ‘तालमीकडून’ असलेले येत नाहीत. शोध अक्षराला अक्षर जुळवतो, आणि विभक्ती लागली की आपल्या शब्दाचं अंगच बदलतं. ज्या ब्लॉगवर दर तिसऱ्या ओळीत तालीम आहे तिथं हा शोध अर्धाच म्हणायचा. ‘हेही वाचा’वाल्या प्लगइनचंही तेच झालं होतं, सारख्या विषयाचे लेख त्याला सारखे वाटतच नव्हते. सध्या प्रत्येक लेखाला हातानं टॅग देतो आणि टॅगवर भागवतो. मराठी विभक्ती कळणारं शोधाचं प्लगइन कुणी वापरलं असेल तर सांगा. फुकट असेल तर आजच लावतो. डॉलरवालं असेल तरी सांगा, भाच्याला दाखवून ठेवतो, दिवाळीत सुट्टीला येणार आहे.