इतवारीतलं पदकांचं ठसेकाम: डाय झकास, ताव देण्यात कंजुषी

ट्रॉफीच्या दुकानात मिळतं ते पदक बहुतेकदा ओतीव असतं, वरून सोनेरी मुलामा. नागपुरातल्या इतवारी सराफ्याजवळच्या या छोट्या वर्कशॉपमध्ये मात्र पोलादी डाय, म्हणजे नक्षीचा ठसा, कोरून तांब्याच्या चकतीवर ठोकतात. फरक भिंगाखाली लगेच कळतो: ओतीवात अक्षरांच्या कडा बसक्या आणि बारीक छिद्रं, ठोकीवात कडा धारदार.

डाय कोरणाऱ्याचा हात खरंच चांगला. तरी नक्षी देण्याआधी अ‍ॅमस्टरडॅमच्या योहान गेओर्ग होल्टझायचं १७८२ चं चांदीचं पदक फोटोत तरी बघून घ्या. त्या वर्षी १९ एप्रिलला नेदरलँड्सनं अमेरिकेला मान्यता दिली, त्याचं ते स्मारक. साधारण ४५ मिलिमीटरच्या गोलात एका बाजूला दोन स्त्रिया, दुसऱ्या बाजूला खडकापाशी शिंग मोडून पडलेला युनिकॉर्न, म्हणजे इंग्लंड! आपल्याकडे तेवढ्याच जागेत बोधचिन्ह, इमारत, संस्थापकांचा चेहरा आणि दोन ओळी घोषवाक्य कोंबतात.

चेहरा असेल तर त्याच्या बरोब्बर मागे दुसरी उंच आकृती नको. दोन्ही खोलगट भाग समोरासमोर आले की धातू पुरत नाही, नाक चपटं येतं आणि त्यावर कोऱ्या चकतीचा खरखरीतपणा तसाच राहतो.

इथली अडचणही तीच. न सांगता काम दिलं, तर एका दाबात उरकतात. उठावाच्या चेहऱ्याला निदान तीन ठोके हवेत, कारण दाबानं तांबं कडक होतं. दर ठोक्यानंतर चकती काळपट लाल तापवायची, पाण्यात विझवायची, तेजाबात साफ करायची, मग पुन्हा डायमध्ये. ती जराशी सरकली की कडा दुहेरी. तीन ठोक्यांचे पैसे जास्त लागतात, पण द्यावेत.

डायला पाणी देण्याआधी, म्हणजे ती तापवून-विझवून कडक करण्याआधी, शिशावरचा छाप मागा. नंतर दुरुस्ती जवळपास अशक्य. डायवर सगळं उलटं कोरलेलं असतं, त्यामुळे वेलांटीची चूक नजरेतून सुटते. अक्षरं २ मिलिमीटरपेक्षा लहान नकोत, ‘क्ष’ची पोकळी बुजते.

माल घेताना पहिलं आणि शेवटचं पदक शेजारी ठेवा. शेवटच्यावर केसासारखी उंच रेघ दिसली तर डाय तडकली आहे. लॅकर मात्र छान मारतात. समईबरोबर चिंचेनं घासलं नाही तर टिकेल.